कागदावर नसलेली मांजर

थोरली आणि धाकटी एकाच घरात राहायच्या, एक वर, एक खाली. चार वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. अगदीच अडलं तर निरोप जायचे, आणि ते नेणारी होती धाकटीची नऊ वर्षांची मुलगी. सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. "काकू, आई म्हणते नळ नीट बंद करा." "आईला सांग, नळ खालचाच गळतोय." पोरगी जिना चढून-उतरून दमायची, पण दोन्हीकडे काही ना काही खायला मिळायचं, म्हणून तिची तक्रार नव्हती.

भांडणाचं मूळ घरात नव्हतं, शाळेत होतं. दोघी जावा सरकारी शाळांतल्या शिक्षिका. थोरलीचं सगळं आयुष्य तिसरीच्या वर्गावर गेलेलं. पोरं पाठीमागे तिला 'कडकबाई' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. धाकटी तिच्यानंतर बारा वर्षांनी नोकरीला लागली. आणि मुख्याध्यापिका कोण झाली? धाकटी. मुलाखतीला रंगीत तक्ते घेऊन गेली होती. थोरली गेली रिकाम्या हाताने, कारण तिला वाटलं होतं की तेवीस वर्षांची नोकरी पुरेल. नाही पुरली. त्यात त्याच आठवड्यात धाकटी चार पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणाली, "ताईंचा वर्ग म्हणजे पालथा घडा. ओता किती ओतायचं ते." झालं. त्या दिवशी थोरलीने तोंड मिटलं ते मिटलंच.

मग विभागाला नवे साहेब आले आणि आगीत तेल पडलं. विभाग काही लहानसहान नाही, तीनशे बारा शाळा. साहेबांनी आल्या आल्या घोषणा काढली: 'एक मिनिट, साठ शब्द.' तिसरीच्या प्रत्येक मुलाने मिनिटाला साठ शब्द वाचायचे. शंभरातली नव्वद मुलं साठावर गेली की शाळेच्या फाटकावर हिरवा गोल, त्याखाली पिवळा, आणि अगदीच बोंब असेल तर लाल. गोल पत्र्याचा, चांगला ताटाएवढा, भर रस्त्यावरून दिसेल असा. येणारा-जाणारा बघणार आणि पचकन बोलणार.

धाकटीच्या शाळेला पहिल्या फेरीपासून हिरवा. थोरलीच्या शाळेला लाल. रोज सकाळी त्या लाल पत्र्याखालून आत जाताना थोरलीच्या अंगाची लाही व्हायची. तिच्या चाळीस पोरांतली बावीस साठावर होती, आणि ती बावीस कशी आली हे तिचं तिलाच माहीत. घसा फोडून आणली होती.

त्या सगळ्या योजनेत थोरलीच्या मते कामाची गोष्ट एकच होती: वाचनवर्ग. तीसच्या खाली वाचणाऱ्या मुलाला रोज दोन तास वेगळं बसवायचं, सहा-सात पोरांत एक शिकलेली बाई द्यायची आणि अक्षरापासून सुरुवात करायची. त्या वर्गात गेलेली पोरं हळूहळू का होईना, खरंच वाचायला लागायची. बाकी सगळा पत्रा.

तपासणीची पद्धत अशी होती की कुणी आपल्याच शाळेची पोरं तपासायची नाहीत. शाळांना क्रमांक होते, क्रमांकाची चिठ्ठी निघायची आणि एका शाळेची बाई दुसऱ्या शाळेत जायची. कोण कोणाची जाऊ, हे क्रमांकाला कुठे कळतं? त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीला थोरलीच्या हातात चिठ्ठी आली ती धाकटीच्या शाळेची. नियमाप्रमाणे तिने कार्यालयाला कळवायला हवं होतं की तिथे माझं नातं आहे, मला दुसरी शाळा द्या. तिने कळवलं नाही. तिला जायचंच होतं. त्या हिरव्या गोलाच्या आत काय शिजतंय ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

धाकटीने तिला फाटकावर बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी गोठलं. शिपायाला म्हणाली, "परीक्षकबाईंना कोपऱ्यातली खोली उघडून दे." परीक्षकबाई! थोरलीही काही कमी नव्हती. ती शिपायालाच म्हणाली, "तुमच्या बाईंना सांगा, पाणी मी घरून आणलंय."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीशी मोडक्या बाकांचा ढीग. थोरलीने मोहोरबंद पाकीट फाडलं. उताऱ्याचा कागद काढून टेबलावर ठेवला, घड्याळ शेजारी ठेवलं आणि पहिल्या मुलीला बोलावलं.

मुलगी बसली आणि सुटलीच. "सुताराने टेबल केलं. टेबलाचा एक पाय आखूड झाला. सुतार चिडला. मांजर मात्र टेबलाखाली गाढ झोपली होती. मग सुताराने दुसरा पाय कापला..."

थोरलीचं पेन थांबलं. तिने आपल्या हातातला कागद बघितला. पुन्हा बघितला. सुतार होता, टेबल होतं, चिडणं होतं. मांजर नव्हती. छपाईत ती ओळ गळाली होती. वर नाही, खाली नाही, अख्ख्या उताऱ्यात मांजरीचं नाव नव्हतं. मुलीसमोरचा कागदही तोच.

"बाळ, मांजर कुठे आहे?" तिने विचारलं.

"टेबलाखाली," मुलगी म्हणाली.

दुसरा मुलगा आला. मांजर टेबलाखाली. तिसरी आली. मांजर टेबलाखाली. पोरं एकाच सुरात, एकाच ठिकाणी श्वास घेत, कागदावर नसलेली मांजर घडाघडा वाचत होती. विभागाकडे तिसरीसाठी उतारे होते दोनच, आलटून पालटून तेच यायचे, आणि धाकटीच्या शाळेत ते रोज प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतले जायचे. त्याला 'सराव' म्हणत.

थोरलीला काय वाटलं सांगू? आनंद झाला. जिच्या हिरव्या गोलाने तिचं डोकं उठवलं होतं, तिचं पितळ असं मांजरीच्या पावलांनी उघडं पडलं! तपासणीच्या पुस्तिकेत नियम होता: मूल कागद सोडून पाठ म्हणत असेल तर शून्य. तो नियम आजवर कुणी वापरला नव्हता. थोरलीने वापरला. शून्य. शून्य. शून्य. मधूनच एखादं पोर मांजरीशिवाय पुढे जायचं, तेव्हा ती दचकायची. अशी चार निघाली, ती खरोखर वाचत होती. वाचनवर्गातली तीन पोरं होती, तीही अडखळत का होईना, जे छापलंय तेच वाचत होती. बाकी सगळी मांजरवाली.

तेविसाव्या नंबरला दार उघडलं आणि खारू आत आली.

काकूला बघून तिचा चेहरा फुलला. खुर्चीवर बसून पाय हलवायला लागली. तिने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणायला सुरुवात केली. बोट ओळीवरून सरकत होतं, अगदी शिकवल्यासारखं. मांजर आली. बोट पुढे गेलं. बोट कागदाच्या तळाशी पोचलं तेव्हा तिच्या तोंडात अजून एक वाक्य शिल्लक होतं. ते तिने कोऱ्या जागेवर बोट फिरवत म्हणून टाकलं.

"अडुसष्ट!" खारू स्वतःच म्हणाली. "माझे नेहमी अडुसष्ट येतात."

थोरलीने मधल्या एका शब्दावर पेन टेकवलं. "राणी, हा शब्द कुठला गं?"

खारूने शब्दाकडे बघितलं. मग तिचे ओठ हलायला लागले. 'सुताराने टेबल केलं, टेबलाचा एक पाय...' ती सुरुवातीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येत होती, आणि तरी तिचा अंदाज चुकला. "चिडला?" ती म्हणाली.

तो शब्द 'आखूड' होता.

मघाचा आनंद कुठल्या कुठे गेला. तिसरीचं अर्धं वर्ष सरलं आणि या पोरीला एक शब्द वाचता येत नाही. आईचीच शाळा, आईचीच पोर, दिव्याखाली अंधार! आणि ही अडुसष्टावर राहिली तर हिला वाचनवर्ग कधीच मिळणार नाही. चौथीत जाईल, पाचवीत जाईल, आणि मग कोण शिकवतंय अक्षरं? थोरलीने खारूच्या नावापुढे शून्य लिहिलं.

दुपारी तक्ता धाकटीच्या टेबलावर गेला. अडतीस पोरं, एकतीस शून्यं. धाकटीने तो वाचला आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती जावेशी थेट बोलली.

"लाज नाही वाटत? पोरांवर सूड उगवता?"

"पोरं कागदावर नसलेलं वाचतायत. तूच बघ."

"छपाईची चूक आहे ती!"

"छपाईची चूक कागदावर आहे गं. तुझी चूक पोरांच्या तोंडात आहे."

"खारूलासुद्धा शून्य?" धाकटीचा आवाज चिरकला. "तिला तुम्ही मांडीवर खेळवलंय! स्वतःच्या शाळेला हिरवा गोल आणता येईना, म्हणून माझा काढायला निघालात. नाचता येईना अंगण वाकडं!"

"तिला वाचता येत नाही."

"चालत्या व्हा," धाकटी म्हणाली. "माझ्या शाळेतून आधी चालत्या व्हा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना कार्यालयात बोलावलं. साहेबांच्या मागे भिंतीवर विभागाचा नकाशा, त्यात तीनशे बारा टाचण्या, आणि बहुतेक हिरव्या. धाकटी एका टोकाच्या खुर्चीवर, थोरली दुसऱ्या. साहेबांनी तक्ता बघितला, उताऱ्याचा कागद बघितला, आणि हसले.

"एक ओळ गळाली. मुद्रकाची चूक. म्हणून या शाळेची फेरी रद्द. मागच्या फेरीचे गुण कायम. विषय संपला."

"साहेब, पोरांनी न छापलेली ओळ वाचली," थोरली म्हणाली.

"म्हणजे आपल्या मुलांनी मुद्रकाची चूक सुधारून वाचलं. कौतुक करायचं सोडून तुम्ही शून्य देता?"

धाकटीने खाली बघितलं. एवढी तरी लाज तिला होती.

"या एकतीस मुलांना वाचनवर्ग हवा," थोरलीने नेट लावला. "निदान पुन्हा तपासा. नव्या उताऱ्यावर तपासा."

आता साहेबांचं हसू गेलं. "बाई, वाचनवर्गाला माझ्याकडे अठरा शिक्षक आहेत. शाळा तीनशे बारा. तुम्ही एका शाळेतून एकतीस काढलीत. असं प्रत्येकाने केलं तर बसवू कुठे त्यांना, तुमच्या घरी? आणि तिथे तुमचं नातं आहे हे तुम्ही कळवलं नाहीत, ते वेगळंच. त्याचा खुलासा लेखी द्या." त्यांनी घंटी दाबली. "पुढच्या फेरीला ओळ नीट छापून येईल. काळजी नको."

म्हणजे उपाय काय, तर मांजर परत कागदावर आणायची! थोरली बाहेर आली ती धुमसतच. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते तिने, पण हा बाबा शेळ्या न बघताच मोजत होता. वर खुलासा तिनेच द्यायचा. आणि चूक तिची होतीच, ते आणखी झोंबत होतं.

रविवारी दुपारी ती जिना उतरून धाकटीच्या घरात गेली. चार वर्षांत पहिल्यांदा. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा धाकटा दीर, कपाटाचं बिजागर बसवत होता. हा माणूस औषधांच्या दुकानात कामाला, दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि गोळ्या मोजून द्यायच्या. घरात मात्र त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. खारू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"भाऊजी, मला तुमच्याशी बोलायचंय," थोरली म्हणाली. "खारूला वाचता येत नाही."

धाकटी स्वयंपाकघरातून धावतच आली. "बस झालं हं! घरातही तेच? खारू, पुस्तक आण गं. वाचून दाखव काकूला, कोणताही धडा."

खारूने पुस्तक आणलं, धडा उघडला आणि घडाघडा म्हणून दाखवला. एक चूक नाही. धाकटीने हनुवटी वर केली.

दिराने हातातला पेचकस खाली ठेवला. खिशातून खोकल्याच्या औषधाचं खोकं काढलं. त्याच्या एका बाजूला ठळक अक्षरांत तीनच शब्द होते. त्याने ते खारूपुढे धरलं. "हे वाच बरं."

खारूने खोकं उलटसुलट करून बघितलं. मग बापाकडे बघून गोड हसली. "हे आमच्यात अजून झालं नाही, बाबा. तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना, मग मी वाचते."

खोक्यावर 'बाटली हलवून घ्या' एवढंच लिहिलं होतं.

थोरलीला वाटलं, आता धाकटी कोसळेल. पण धाकटीच्या चेहऱ्यावर धक्का नव्हताच. तिने नजर फिरवली, एवढंच. आणि थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "तुला माहीत होतं."

"हो, माहीत होतं! मग काय करू?" धाकटी उसळली. "मुख्याध्यापिकेची मुलगी वाचनवर्गात बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. अडतीसात पस्तीस लागतात हिरव्याला, आणि आमची बरोब्बर पस्तीस आहेत. एक गेलं की गोल गेला. गोल गेला की खुर्ची गेली. तुम्हाला काय जातंय बोलायला, तुमचा लालच आहे!"

"अगं, पोर तुझी आहे!"

"म्हणूनच! सुट्टीत शिकवीन म्हटलं होतं मी."

"कुठल्या सुट्टीत?"

उत्तर दिलं ते दिराने, आणि तेही थोरलीकडे बघून. "वहिनी, उद्यापासून ती पाच वाजता वर येईल."

"माझ्या पोरीला लाल शाळेची बाई शिकवणार?" धाकटी म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि पुन्हा बिजागराकडे वळला.

तर अशी खारू वर यायला लागली. कुणाला वाटेल, काकू-पुतणीचे गोड दिवस सुरू झाले. कसले गोड! रोज भांडण. खारूला तिचं घडाघडा सोडायचं नव्हतं. एक अक्षर बघायची आणि पुढचे चार शब्द ठोकून द्यायची. थोरली कागदावर तळवा ठेवून अडवायची. "अंदाज नको. बघ. काय दिसतंय?" "मला सगळं येतं!" खारू किंचाळायची. "मला साहेबांनी अडुसष्टाबद्दल बिल्ला दिलाय!" "बिल्ला घाल चुलीत. हे अक्षर कुठलं?" एकदा तिने पेन्सिल फेकली आणि आठवडाभर काकूशी अबोला धरला. आईचीच लेक ती. थोरलीनेही पाचच्या ठोक्याला खुर्ची मांडायची सोडली नाही. अबोल्यातच शिकवलं.

शाळेचं पुस्तक तिने मुद्दाम बाजूला ठेवलं. जे आधी कुणी म्हणून दाखवलं नसेल तेच वाचायचं: साबणाचं वेष्टन, बसचं तिकीट, पाणी बंद राहणार असल्याची सूचना, दुकानाच्या पाट्या. दीर रोज एक रिकामं खोकं आणून द्यायचा. अडीच महिने गेले. एका संध्याकाळी खारू गोळ्यांच्या खोक्यावरून सावकाश बोट फिरवत म्हणाली, "जे-व-णा-नं-त-र. जेवणानंतर! काकू, हे जेवणानंतर घ्यायचं!" आणि ती धडधडत जिना उतरली. खाली जाऊन तिने बापाला तीन खोकी वाचून दाखवली म्हणे. धाकटी त्या वेळी अजून शाळेतून आली नव्हती. तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

शेवटची फेरी आली. आदल्या दिवशी पाच वाजता खारू वर आली आणि म्हणाली, "आई म्हणते, उद्या नेहमीसारखं म्हण."

थोरलीला सगळं गणित ठाऊक होतं. पोरीने उतारा म्हटला तर अडुसष्ट, गोल हिरवा, घरात शांतता, आणि पोरगी जन्माची वाचक म्हणून कागदावर कायम. वाचला तर वीसही व्हायचे नाहीत. एका मिनिटात हे पोर कितीसं वाचणार? मग वाचनवर्गात नाव लागेल, रोज दोन तास चांगली शिकलेली बाई मिळेल, आणि खाली आई आकाशपाताळ एक करेल. थोरलीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की आईचं ऐकू नकोस. पण नऊ वर्षांच्या पोरीला दोन बायकांनी दोन्हीकडून ओढायचं, याची तिला त्या क्षणी शिसारी आली. "बरं," एवढंच म्हणाली. "आज हे खोकं घे."

फेरी झाली. त्या संध्याकाळी खारू आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने धाकटीच्या शाळेच्या फाटकावर दोन माणसं शिडी लावून चढली, हिरवा गोल उतरवला आणि पिवळा ठोकला. बातमी विभागभर व्हायला दुपार लागली नाही. थोरलीच्या शाळेतल्या बायकांनी तिला टाळ्या द्यायला हात पुढे केले. तिने हात मागे घेतला.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. धाकटी आली, शाळेच्याच कपड्यांत, खांद्याला पर्स तशीच. मागे खारू, आणि तिच्या मागे दीर. धाकटीने एक कागद थोरलीच्या घडी केलेल्या कपड्यांवर आपटला.

"घ्या! एकोणीस शब्द! अडुसष्टावरून एकोणीस! चौतीस झाली आमची, एका पोरीपायी गोल गेला. झालं तुमच्या मनासारखं? थंड झालं पोट?"

थोरलीने कागद उचलला. विभागाचं पत्र होतं. मुख्याध्यापिकेच्याच मुलीची एवढी घसरण कशी झाली, कारण लिहून तीन दिवसांत पाठवा, मुख्याध्यापिकेची सही हवी.

"मी तिला सांगितलं होतं ना?" धाकटी आता खारूवर वळली. "सांगितलं होतं की नाही, नेहमीसारखं म्हण? विसरलीस उतारा?"

"नाही विसरले," खारू म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "सगळा येतो. मांजरीसकट येतो. पण त्या तपासणीच्या बाई म्हणाल्या, वाच. मग मी वाचलं."

धाकटीला रागच सुचला. "वाचलं म्हणे! आता हे कारण कोण लिहिणार? काय लिहू मी? तुम्हीच लिहा. तुमचंच कर्तृत्व आहे, लिहा तुम्हीच!"

थोरलीने पेन घेतलं. कारणासाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेत तिने बसल्या बसल्या एकच वाक्य लिहिलं आणि कागद परत केला. धाकटी हात पुढे करीना. तेव्हा मधल्यामध्ये तो कागद खारूने घेतला. अक्षरावर बोट ठेवलं. कुणी तिला आधी म्हणून दाखवलं नव्हतं.

"मु-ल-गी," खारू वाचू लागली. बोट थांबत होतं, मागे येत होतं, पुढे जात होतं. "मुलगी... वा-चा-य... वाचायला... शि-क-ली." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "मुलगी वाचायला शिकली. आई, हे माझं लिहिलंय?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिने या पोरीच्या तोंडून शेकड्यांनी उतारे ऐकले होते. ती वाचताना तिने पहिल्यांदाच ऐकली होती. मग तिने नाक पुसलं, तेसुद्धा रागारागाने, आणि कागद ओढून घेतला. थोरलीने पेन पुढे केलं.

"तुमचं नको," धाकटी म्हणाली. तिने पर्समधून स्वतःचं पेन काढलं, तिथेच भिंतीला कागद टेकवला आणि त्या वाक्याखाली सही केली. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

"साहेब खुर्ची काढून घेतील," दीर हळूच म्हणाला.

"कळतं मला." तिने कागदाची घडी केली आणि थोरलीकडे वळली. "तुम्ही मुद्दाम माझी शाळा घेतलीत. तुम्हाला माझी जिरवायची होती. आहे की नाही?"

"होती," थोरली म्हणाली.

"तेवढं तरी कबूल केलंत." ती जिन्याकडे निघाली. "तुमच्याशी मी बोलत नाही. ते आपलं तसंच." दोन पायऱ्या उतरून ती थांबली, पण मागे वळली नाही. "वाचनवर्ग चारला सुटतो. पाचला येईल ती."